स्क्रीन फाटली? चला लॅमिंग्टन रोडला!

ग्रँट रोडला ईस्टला उतरलात की लॅमिंग्टन रोडचा पत्ता कुणाला विचारायची गरज पडत नाही. माणसं जिकडून खोके घेऊन येतायत, तिकडे चालायला लागायचं, बस्स. कुणाच्या खांद्यावर प्रिंटर, कुणाच्या काखेत यूपीएस, एखादा इंजिनीअरिंगचा पोरगा तर सीपीयूचं कॅबिनेट तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून निघालेला. पाच-सात मिनिटं चाललात की आलाच रोड. एका टोकाला ऑपेरा हाउस, दुसऱ्या टोकाला मुंबई सेंट्रल आणि मधे जगातली प्रत्येक वायर.

सरकारी पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तो आरशातून तुमच्याकडे बघत राहील. भडकमकर फक्त पोलीस स्टेशनच्या नावात उरलेत, तेही ‘डी. बी. मार्ग’ असे आखडून. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ अशी जेमतेम चार वर्षं मुंबईचे गव्हर्नर होते. शंभराहून जास्त वर्षं झाली त्यांना जाऊन, तरी ग्राफिक्स कार्ड घ्यायला आपण त्यांच्याच दारात उभे. नशीब असतं एकेकाचं!

आधी इथे रेडिओचे पार्ट मिळायचे, मग टीव्हीचे, मग कॅसेट प्लेअरचे. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले आणि ‘असेम्बल्ड पीसी’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत बोलला जायला लागला. आमच्या घरचा पहिला पीसीही इथलाच. पेंटियम फोर, सोबत १७ इंची सीआरटी मॉनिटर. बाबांनी तो टॅक्सीने घरी आणला होता आणि त्या टॅक्सीच्या भाड्यावर आई अजून बोलते. त्याच मॉनिटरवर मी आणि दादा कारच्या रेस खेळत मोठे झालो. म्हणजे दादा खेळायचा आणि मी ‘आता माझा चान्स’ म्हणत मोठी झाले.

आता मुद्द्यावर येते. त्या शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेले ती फाटलेल्या स्क्रीनचा इलाज शोधायला. फाटलेली म्हणजे काच तडकलेली नव्हे. गेममध्ये गाडी जोरात डावीकडे वळवलीत, की रस्त्याकडेचं झाड मधोमध कापलं जातं. वरचा अर्धा भाग मागे राहतो, खालचा अर्धा पुढे सरकतो. क्षणभरच, पण पुढच्या वळणावर पुन्हा. याला म्हणतात स्क्रीन टेअरिंग. एकदा का ते तुम्हाला दिसलं, की मग दिसतच राहतं. भिंतीवरच्या तिरक्या फ्रेमसारखं. मला तासाभरात डोकं जड व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, नंबर होता तेवढाच.

‘मग नको खेळूस’ असं आईने सांगितलंच. पण त्यात एक गोची आहे. दादा जर्मनीत असतो. दर रविवारी रात्री आमचे दहा वाजतात तेव्हा त्याचे साडेसहा (हिवाळ्यात साडेपाच) आणि आम्ही दोघं ‘फोर्झा होरायझन ५’मध्ये मेक्सिकोच्या रस्त्यांवर गाड्या पळवतो. २०२१चा गेम. शर्यतबिर्यत नाही हो, नुसतंच भटकायचं. हेडफोन लावून गप्पा. फोनवर आम्ही ‘जेवलास का, थंडी आहे का’ याच्या पुढे कधीच जात नाही. गाडी चालवताना मात्र दोघांनाही बोलता येतं. समोर रस्ता असतो ना, एकमेकांकडे बघावं लागत नाही! बाबा गेल्यानंतरचं सगळं बोलणं तिथेच झालंय. सध्या विषय चाललाय डोंबिवलीचं घर विकायचं का, हा. आई आता एकटी तिसरा मजला चढू शकत नाही, लिफ्ट नाही. गेले तीन रविवार विषय निघतो, आणि मी चाळीस मिनिटांत ‘दादा, डोकं दुखतंय रे’ म्हणून लॉग आउट. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ‘तुला बोलायचं नसेल तर तसं सांग.’ आता झाडं कापली जातायत हे याला कसं पटवायचं?

म्हणून मॉनिटर. बजेट पंधरा हजार, अप्रेझलमधून उरलेले.

रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे नोकरदारांसाठी शनिवारच. आणि शनिवारी दुपारी इथे येणं म्हणजे अंगावरून हातगाड्या जाणार हे धरून चालायचं. फूटपाथवर रिमोट, चार्जर, सोल्डरिंग गन, सीसीटीव्हीचे डबे, एका टेबलावर नुसत्या पिना. वरच्या मजल्यांवर होलसेलवाले. जिन्यात एक माणूस उभा, कानाला फोन आणि तोंडाने पाठ केलेला रेट.

पहिल्या दुकानात शिरले. ‘गेमिंग मॉनिटर?’

‘भाई के लिए चाहिए?’

‘नहीं, मेरे लिए.’

‘अच्छा, ऑफिस का काम.’

‘गेमिंग.’

दोन सेकंद शांतता. मग माणसाने आतून काय काढलं असेल? मांजरीच्या कानांचा गुलाबी हेडफोन. मी थँक्यू म्हणून बाहेर. (हेडफोन तसा क्यूट होता, पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?)

दुसऱ्या दुकानात काउंटरवर माझ्याच वयाचा सेल्समन. याला विषयाची गोडी होती. भिंतीवर ओळीने सहा मॉनिटर लावलेले, सगळ्यांवर तोच चकचकीत रेसिंगचा व्हिडिओ, आणि प्रत्येकाखाली स्टिकर : १४४ हर्ट्झ, १८० हर्ट्झ, २४० हर्ट्झ. ‘फरक बघा मॅडम,’ तो म्हणाला. मी बघितलं. फरक शून्य. म्हटलं, जरा विंडोजची डिस्प्ले सेटिंग उघडा ना. त्याने उघडली. १८०वाला मॉनिटर साठवर चालला होता. शेजारचाही साठवर. सकाळपासून तो सगळ्यांना स्टिकर दाखवत होता! त्याने कपाळाला हात लावला आणि हसला. हसला म्हणून मी दुकानात थांबले.

ही गंमत त्या दुकानाचीच नाही. कितीतरी घरांत महागडे मॉनिटर साठवर झोपा काढत असतील, कारण नवीन मॉनिटर लावला म्हणजे विंडोज आपणहून वरच्या आकड्यावर जाईलच असं नाही. तुमच्याकडे असा मॉनिटर असेल तर आज रात्रीच बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. फुकटात अपग्रेड!

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो तो आकडा. साठ हर्ट्झला एक चित्र १६.६७ मिलिसेकंद टिकतं, १४४ला ६.९४, १८०ला ५.५६ आणि २४०ला ४.१७. बघा, साठवरून १४४वर जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंदांचा फायदा होतो. १४४वरून २४०वर गेलात तर तीनच्याही आत. खिशाला मात्र उलटं गणित लागतं. आणि खोक्यावरच्या ‘१ एमएस’ या आकड्याबद्दल काय सांगू? लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीइतकाच त्यावर विश्वास ठेवा.

पण फाटण्याचं काय? त्यासाठी मला काकांकडे जावं लागलं.

ऑफिसातल्या आयटीवाल्या मित्राने बजावलं होतं, ‘पैसे द्यायच्या आधी काकांना भेट.’ एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली यांचं रिपेरिंगचं काउंटर. काउंटर म्हणजे एक टेबल, एक भिंग लावलेला दिवा आणि उघडी पडलेली मॉनिटरची बोर्डं. काका गिरगावातले, पासष्टीचे. रेडिओपासून सुरुवात केलेली. मी म्हटलं, ‘काका, माझी स्क्रीन फाटते.’ मान वर न करता म्हणाले, ‘इथे शिवून नाही मिळत.’

मग त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. ‘स्टेशनवरून कशी आलीस?’

‘चालत.’

‘शेअर टॅक्सी बघितलीस?’

आणि पुढची दहा मिनिटं मला जे ऐकायला मिळालं, ते कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा सरस होतं. त्यांच्याच पद्धतीने सांगते, मधलं टेक्निकल माझं.

मॉनिटर चित्र एका झटक्यात दाखवत नाही. वरच्या ओळीपासून सुरुवात, एकेक ओळ खाली, तळाला पोचला की पुन्हा वर. तिकडे ग्राफिक्स कार्ड पडद्याआड पुढचं चित्र तयार करत असतं. ते झालं की जुनं काढून नवीन पुढे ढकलायचं. आता मॉनिटर जुनं चित्र अर्ध्यापर्यंत उतरवून बसलाय आणि तेवढ्यात कार्डाने चित्र बदललं, तर? वरचा अर्धा भाग जुन्या क्षणाचा, खालचा नव्या क्षणाचा. तीच ती फाट. म्हणून ती नेहमी आडवी असते. मॉनिटर फिरवून उभा लावलात तर फाटही उभी दिसेल!

‘म्हणजे गाडी पूर्ण थांबायच्या आत लोक चढायला लागले,’ काका म्हणाले. ‘निम्मे डब्यात, निम्मे प्लॅटफॉर्मवर.’

यावरचा जुना उपाय म्हणजे व्ही-सिंक. मॉनिटर तळाला पोचून पुन्हा वर जाईपर्यंत मधे एक छोटी विश्रांती असते. सीआरटीच्या काळात इलेक्ट्रॉनचा झोत वर परतायला तेवढा वेळ लागायचा. झोत गेला, पण रिवाज राहिला. व्ही-सिंक कार्डाला सांगतं, चित्र बदलायचं तर त्या विश्रांतीतच बदल. फाटणं बंद. पण आता कारभार लोकलच्या टाइमटेबलचा झाला. ९.०२ची लोकल दोन सेकंदांनी चुकली की पुढच्या लोकलपर्यंत उभे. कार्डाला एका चित्रासाठी १६.६७ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर ते चित्र पुढच्या फेरीला. साध्या व्ही-सिंकमध्ये साठचे धाडकन तीस होतात. गाडी रस्त्यावर आचके देत चालते, आणि वर तुम्ही बटण दाबल्यावर वळण उशिरा येतं ते वेगळंच.

‘आणि शेअर टॅक्सी?’ मी विचारलं.

‘तिला टाइमटेबल असतं का? माणसं भरली की सुटली.’

बस्स! ॲडॅप्टिव्ह सिंकचा फंडा एवढाच. मॉनिटरने घड्याळाप्रमाणे पळायचं सोडून कार्डाची वाट बघायची. चित्र तयार झालं की दाखवायचं, तोवर ती मधली विश्रांती लांबवायची. कार्ड सेकंदाला ७३ चित्रं देतंय? मॉनिटर ७३ हर्ट्झ. पुढच्या क्षणी ९१? मॉनिटर ९१. फाट नाही, आचका नाही.

हे सुचायला इतकी वर्षं का लागली, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. गंमत म्हणजे याचं मूळ लॅपटॉपमधे आहे. पडद्यावर काही हलत नसेल तर उगाच साठ वेळा कशाला रंगवा, बॅटरी वाचवा, या विचारातून लॅपटॉपच्या पडद्यांना वेग बदलायची सोय आधीच दिलेली होती. गेमिंगसाठी पहिला धमाका केला एनव्हिडियाने, ऑक्टोबर २०१३मध्ये. नाव जी-सिंक. पण त्यासाठी मॉनिटरच्या आत त्यांचं वेगळं बोर्ड लागायचं आणि ते महाग. सुरुवातीला तर आसुसच्या एका मॉनिटरमध्ये स्क्रू काढून घरच्या घरी बसवायचं किटसुद्धा विकायला होतं. हे ऐकून काकांचे डोळे चमकले. जानेवारी २०१४मध्ये एएमडीने फ्रीसिंक दाखवलं, तेही साध्या लॅपटॉपवर, ‘बघा, वेगळं बोर्ड नको’ म्हणत. त्याच वर्षी मे महिन्यात ॲडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या स्टँडर्डमध्ये आलं, २०१५मध्ये फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले.

मग कितीतरी वर्षं ही भाऊबंदकी चालली. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जी-सिंकचा मॉनिटर घ्या, एएमडीचं असेल तर फ्रीसिंकचा. जानेवारी २०१९मध्ये एनव्हिडियाने दार किलकिलं केलं. साध्या ॲडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरवरही त्यांची कार्डं चालतील म्हणाले, पण त्यांनी तपासलेल्या चारशे मॉनिटरपैकी त्यांच्या मते पास झाले फक्त बारा! नापास झालेल्यांवरही सोय हाताने चालू करता येते, हे बारीक अक्षरात. ऑगस्ट २०२४मध्ये तर त्यांनी मीडियाटेकच्या चिपमध्येच जी-सिंक घालायचं जाहीर केलं, म्हणजे ते वेगळं बोर्डही नको. प्लेस्टेशन ५ला ही सोय एप्रिल २०२२मध्ये मिळाली.

‘पण टॅक्सीवालाही किती थांबणार?’ काकांनी बोट वर केलं. ‘एकच पॅसेंजर घेऊन अर्धा तास नाही ना उभा राहणार.’

इथे खरी मेख आहे, आणि सेल्समन हे सांगत नाहीत. प्रत्येक मॉनिटरची एक रेंज असते. समजा ४८ ते १८०. कार्डाने ४८च्या खाली चित्रं दिली तर मॉनिटर थांबू शकत नाही. चांगले मॉनिटर यावर एक युक्ती करतात. कार्ड ४० चित्रं देत असेल, तर मॉनिटर ८०वर पळतो आणि प्रत्येक चित्र दोनदा दाखवतो. ८० रेंजमध्ये बसतं, काम झालं. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्या आकड्याच्या दुपटीहून बराच जास्त हवा. स्वस्तातला ४८ ते ७५वाला मॉनिटर घेतलात तर ४०चे ८० होत नाहीत आणि बरोब्बर गेम जड झाला, की झाडं पुन्हा कापायला सुरुवात.

‘दोनदा दाखवतो’ म्हटल्यावर काका थांबले. ‘हे तर आमच्या मामाचं काम,’ म्हणाले. मामा एका थिएटरात ऑपरेटर होता. सिनेमाची रीळ सेकंदाला २४ चित्रं. पण २४वर डोळ्याला लुकलुक जाणवते, म्हणून प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक चित्र दोनदा उघडतं. चोवीसचे अठ्ठेचाळीस. आणि फाटत का नाही? एक चित्र खाली ओढून दुसरं जागेवर येईपर्यंत शटर मधे आडवं असतं, पडदा अंधारात. शटरचं टायमिंग हललं की पडद्यावरच्या अक्षरांना वर-खाली पांढऱ्या रेघा फुटायच्या आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. मामा शिव्या खात गिअर जुळवायचा.

‘इथेच मिनर्व्हा होतं,’ काकांनी हात बाहेर केला. याच रोडवर. १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ लागला आणि मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. काका तेव्हा पंधरा वर्षांचे. सिनेमा ३५ एमएमवर शूट करून ७० एमएमवर मोठा केलेला. काकांनी तो तिथे सात वेळा बघितला, त्यातला एकदा फक्त आवाजासाठी, डोळे मिटून. मिनर्व्हा आता नाही. ज्या रस्त्यावर लोक सेकंदाला चोवीस चित्रं बघायला ब्लॅकने तिकिटं काढायचे, तिथे मी १८० पुरतील का म्हणून विचारत उभी होते.

‘धंदा कसाय काका?’ मी विचारलं. ‘लोक येतात, बघतात, मॉडेल नंबरचा फोटो काढतात, घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. बिघडलं की माझ्याकडे आणतात.’ तक्रारीचा सूर नव्हता. भिंगाखाली परत गेले. निघताना एक कागद दिला, आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं : डीपी केबल, रेंज बघ, काळा रंग बघ, बिल घे.

तो कागद घेऊन मी परत त्या हसऱ्या सेल्समनकडे. डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट. माझं कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६०. अशा जुन्या कार्डांवर ॲडॅप्टिव्ह सिंक सहसा डिस्प्लेपोर्टवरूनच चालतं, एचडीएमआयवरून क्वचितच. खोक्यात नेमकी एचडीएमआय केबल असते, ही तर ठरलेली गोष्ट. दोन मॉनिटर निवडले. एक व्हीए पॅनेलचा, थोडा वक्र, काळा रंग अगदी अमावस्येचा. दुसरा आयपीएस, काळा जरा राखाडीकडे झुकणारा. त्याने दोन्हींवर जी-सिंकचा लंबकवाला डेमो लावला. पडद्यावर एक लंबक झुलतो, आपण वेग बदलत राहायचं. आधी सिंक बंद. लंबकाची काठी तीन तुकड्यांत. व्ही-सिंक चालू केलं, काठी अखंड पण आचके. मग ॲडॅप्टिव्ह सिंक. आणि अहो, काठी नुसती लोण्यासारखी सरकायला लागली. शेजारी वायफायचा राउटर घ्यायला आलेल्या आजोबांनीसुद्धा ‘अच्छा है’ म्हटलं.

मग मी वेग मुद्दाम खाली-वर, खाली-वर केला. व्हीएवर काळ्या भागात मंद लुकलुक दिसली. वेग बदलला की पॅनेलचा उजेडही किंचित बदलतो, आणि व्हीए, ओएलईडीवर तो डोळ्याला जास्त कळतो. लोडिंग स्क्रीनवर तर हमखास. ‘काळा रंग बघ’ असं काकांनी का लिहिलं, ते तिथे कळलं. रात्री सिनेमे बघणाऱ्याला मी व्हीएच सांगेन. माझा प्रश्न डोकेदुखीचा होता. आयपीएस.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुम्ही ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ सीरियसली खेळत असाल, तर ॲडॅप्टिव्ह सिंकसाठी जीव टाकू नका. त्या गेममध्ये साधं कार्डही सेकंदाला दोन-तीनशे चित्रं देतं, फाट असते पण बारीक, आणि वरच्या हर्ट्झवर ती डोळ्यासमोर टिकतच नाही. हे खेळाडू सगळं सिंक बंद करून खेळतात, कारण त्यांना बटणापासून गोळीपर्यंतचा वेळ वाचवायचा असतो. ॲडॅप्टिव्ह सिंक हे आपल्यासारख्यांसाठी, ज्यांचं कार्ड कधी ६०, कधी ९० देतं आणि ज्यांना दृश्य बघायचं असतं.

२४ इंच, १८० हर्ट्झ, आयपीएस, रेंज ४८ ते १८०. भाव सांगितला साडेतेरा, उतरला बारा-सहाशेवर, डीपी केबलसकट. ‘बिल के बिना और कम कर दूँ?’ मी कागद आठवून म्हटलं, बिल पाहिजे. वॉरंटी काय हवेत मागणार? दुकानातच खोका उघडून लावायला लावला. काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशा पाच स्क्रीन बघितल्या, मेलेला ठिपका कुठे नाही ना. सेल्समनने खोका सुतळीने असा बांधला की वर पकडायला मूठ तयार. ही कला कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात त्या खोक्याला सीटखाली जागा नव्हती, मांडीवर मावत नव्हता. मुंबई सेंट्रलला एक मावशी चढल्या, मासळीची रिकामी टोपली घेऊन. ‘टीव्ही?’ ‘नाही, कॉम्प्युटरचा.’ ‘कामाला?’ मी जरा थांबले. ‘भावाशी बोलायला,’ म्हटलं. त्यांनी टोपली पायाशी सरकवून खोक्याला जागा केली आणि दादरपर्यंत स्वतःचा भाऊ कतारहून कसा महिनोन् महिने फोन करत नाही ते सांगितलं.

घरी आल्यावर काय करायचं ते पटकन सांगते. मॉनिटरच्याच मेन्यूत जाऊन ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करा, बऱ्याचदा ते बंद येतं. मग विंडोजमध्ये १८०. मग कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक कम्पॅटिबल. आणि गेमला वरच्या आकड्याच्या तीन-चार खाली लगाम घाला, माझा १७६ला आहे. वरच्या टोकाला धडकलं की रेंज संपते आणि जुनी दुखणी परत येतात. जुना मॉनिटर रूममेटने एक्सेल शीटसाठी मागून घेतला. एक्सेल फाटत नाही.

रविवारी दहा वाजता दादा ऑनलाइन आला. ग्वानाहुआतोच्या बोगद्यांतून बाहेर पडून आम्ही उघड्या रस्त्याला लागलो. कोपऱ्यात आकडा ६८, ८१, ७४, आणि रस्त्याकडेचं एकही झाड कापलं जात नव्हतं. पन्नास मिनिटं झाली, तास झाला. हवामान, ऑफिस, त्याच्या मुलीची किंडरगार्टन, सगळं झालं.

‘डोकं दुखत नाही आज?’ त्याने विचारलं.

‘नाही. बोल.’

तो एक वळण गप्प बसला. ‘घर नको विकूया लगेच. आईला खाली भाड्याने घेऊ, त्याच सोसायटीत. वरचं भाड्याने देऊ. वर्षभर बघू.’

‘तळमजल्याचे गोखले जुलैत पुण्याला जातायत,’ मी म्हटलं.

‘त्यांच्याशी उद्या बोलशील?’

‘बोलते.’

पुढे लांबच लांब उतार होता, दोन्ही बाजूंनी निवडुंग. त्याने गाडी पुढे काढली.

‘तो मॉनिटर कुठला घेतलायस गं? माझ्याकडे सगळी झाडं मधोमध कापली जातायत.’